पान्हा चोरणारी गाय आणि जनावरांचे मन

आरोग्य म्हटले की आपल्याला ताप, खोकला, जुलाब आठवतात. मनाचेही आरोग्य असते, हे माणसाच्या बाबतीत आता बहुतेकांनी मान्य केले आहे. परंतु गोठ्यातल्या गाईला, दारातल्या कुत्र्याला किंवा उसात लपलेल्या बिबट्यालाही भीती, ताण, एकटेपणा जाणवतो आणि त्याचा परिणाम त्यांच्या शरीरावर होतो, असे सांगितले की ऐकणारा हसतो. ‘माणसांचीच मने सांभाळताना नाकी नऊ येतात, तिथे म्हशीचे मन कोण बघणार?’ असा सवाल येतो. सवाल रास्त आहे. म्हणूनच आज मी पशुवैद्यक या नात्याने हा विषय भावनेच्या नव्हे, दुधाच्या बाजूने मांडणार आहे. कारण जनावराचे मन बिघडले की पहिला फटका बादलीला बसतो.

दवाखान्यात मला वारंवार ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘डॉक्टर, गाय पान्हा चोरती, इंजेक्शन लिहून द्या.’ गाय खरोखर चोरी करते का, ते पाहू.

पान्हा म्हणजे काय?

कासेत दूध दोन ठिकाणी असते. सडाच्या वरच्या पोकळीत थोडे आणि वरच्या बारीक बारीक पिशव्यांत बरेचसे. गाईमध्ये साधारण पाचवा हिस्सा खालच्या पोकळीत असतो. म्हशीत तर त्याहूनही कमी. उरलेले दूध नुसते सड ओढून खाली येत नाही. वासराने ढुशी दिली, कास कोमट पाण्याने धुतली, ओळखीच्या हाताने सड चोळले किंवा नुसता आंबोणाच्या पाटीचा आवाज आला, की तो निरोप मेंदूपर्यंत जातो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते. ते कासेत पोचले की दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या बारीक पेशी आकसतात आणि दूध खाली ढकलले जाते. हाच पान्हा.

या क्रियेला गाईत एक-दीड मिनिट लागते, म्हशीत थोडे जास्त. आणि तिचा जोर काही मिनिटेच टिकतो. म्हणून पान्हा फुटल्यावर पाच ते आठ मिनिटांत धार संपवावी, असे आम्ही सांगतो. मधेच उठून कोणाशी गप्पा मारल्या तर गेलेला पान्हा परत मिळणे अवघड असते.

भीतीने पान्हा का आटतो?

अमेरिकेत १९४१ साली ईली आणि पीटरसन या दोन संशोधकांनी एक मजेशीर वाटणारा प्रयोग प्रसिद्ध केला. गाईच्या पाठीवर त्यांनी मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी हवा भरलेली कागदी पिशवी फोडली. गाय दचकली आणि तिचे दूध उतरेना. पुढे लक्षात आले की मांजराची गरजच नाही, पिशवीचा आवाज पुरेसा आहे. घाबरवण्याऐवजी गाईला अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले, तरी तोच परिणाम झाला.

याचा अर्थ सोपा आहे. जनावर घाबरले की त्याच्या शरीरात अॅड्रिनॅलिन वाढते. ‘पळ किंवा लढ’ असा हुकूम शरीराला मिळतो. कासेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, ऑक्सिटोसिन नीट सुटत नाही आणि सुटले तरी कासेपर्यंत पुरेसे पोचत नाही. गाय ‘चोरत’ नाही. तिची इच्छा असली तरी तिला दूध सोडता येत नाही. कासेत मागे राहिलेले दूध मात्र दोन प्रकारे नुकसान करते. कास रिकामी झाली नाही की पुढचे दूध कमी तयार होते आणि जंतूंना आयते खाद्य मिळून दगडी, म्हणजे कासदाह, होण्याचा धोका वाढतो.

एका गोठ्यात चांगले दूध देणाऱ्या संकरित गाईचे दूध आठ-दहा दिवसांत निम्म्यावर आले म्हणून मला बोलावले. ताप नव्हता, कास मऊ होती, चारा तोच होता. मी धारेच्या वेळी थांबलो. नवा गडी काठी घेऊनच आत आला आणि गाय थरथरू लागली, पातळ शेण टाकले. मालकांना म्हटले, ‘अण्णा, औषध गाईला नको, काठीला द्या.’ चार दिवस जुन्या माणसाने धार काढली. दूध हळूहळू पूर्ववत झाले. गड्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पूर्वी त्याला एकदा लाथ बसली होती, त्यामुळे तो गाईला भीत होता आणि गाय त्याला. दोघेही भ्यालेले असले की काठी आणि लाथ यांचा सामना सुरू होतो.

जुन्या बायकांना हे शास्त्र न शिकताही ठाऊक होते. सासूबाई परगावी गेल्या की त्यांचे लुगडे अंगाभोवती घेऊन म्हशीची धार काढणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. एक आजी मला म्हणाल्या होत्या, ‘डॉक्टर, तिला माझ्या बांगड्यांचा आवाज ठावा हाय. दुसरं कुणी बसलं तर ती उभी राहती, पण देत न्हाई.’ ओळखीचा वास, ओळखीचा आवाज, ठरलेली वेळ यांतून जनावराला सुरक्षित वाटते आणि पान्हा फुटतो.

इंजेक्शनचा सोपा रस्ता

रोज धारेआधी ऑक्सिटोसिन टोचायचे, की दूध येतेच, असा एक रिवाज ठिकठिकाणी पडला आहे. ऑक्सिटोसिन हे वाईट औषध नव्हे. बाळंतपणानंतर होणारा रक्तस्राव थांबवून ते कित्येक स्त्रियांचा जीव वाचवते. जनावरांतही प्रसूतीच्या अडचणीत आम्ही ते वापरतो. परंतु ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचे औषध आहे, रोजच्या आंबोणासारखे नव्हे.

रोज टोचल्याने जनावराला त्याची सवय होते. स्वतःहून पान्हा फुटण्याची क्रिया मंदावते आणि एक दिवस इंजेक्शन चुकले तर धार निघत नाही. रोजच्या सुईची वेदना आणि भीती वाढतच जाते, म्हणजे ज्या कारणाने पान्हा आटला तेच कारण आपण पक्के करतो. एकच सुई चार जनावरांना वापरली की रोग पसरतात, ते वेगळेच. ‘असे दूध पिऊन मुलांना काही होईल का?’ असे अनेक आया विचारतात. हे संप्रेरक प्रथिनाच्या जातीचे असल्याने पोटात पचून जाते. खरा त्रास जनावराला आहे.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम १२ नुसार, दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावरावर ‘फुंका’ करणे किंवा त्याच्या आरोग्याला अपायकारक असे काहीही टोचणे हा गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जनावराचे मन मोजता येते का?

चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणूस व प्राणी यांच्या भावना कशा प्रकट होतात यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. पुढे बराच काळ शास्त्रज्ञ या विषयापासून दूर राहिले. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रँबेल समितीने बंदिस्त पाळलेल्या जनावरांच्या हालअपेष्टांवर अहवाल दिला. त्यातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ ही कल्पना रुजली: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, दुखणे व आजारापासून, भीती व ताणापासून मुक्ती आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या जल्लिकट्टूच्या निकालात याच पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला होता. (पुढे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त कायद्यांनुसार जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींना परवानगी कायम ठेवली.)

आता तर प्रयोगांनी मनाचा अंदाजही घेता येतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी वासरांना पडद्यावरचे दोन रंग ओळखायला शिकवले. एका रंगाकडे गेले की दूध मिळे, दुसऱ्याकडे गेले की मिळत नसे. मग अधल्यामधल्या छटा दाखवल्या. आईपासून तोडल्यानंतर हीच वासरे मधल्या छटांकडे जायला कचरू लागली, म्हणजे ‘इथे काही चांगले मिळणार नाही’ असे धरून चालू लागली. उदास माणूस जसा प्रत्येक गोष्टीत वाईटच पाहतो, तसेच हे. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचा २००९ चा एक अभ्यास आपल्याकडच्या आजींना आवडेल. पाचशेहून अधिक दूध उत्पादकांना विचारले असता, ज्या गोठ्यांत गाईंना नावाने हाक मारतात तिथे दर गाईमागे वर्षाला सुमारे २५८ लिटर दूध जास्त निघते, असे दिसले. नुसते नाव ठेवल्याने दूध वाढते असा याचा अर्थ नाही. जो नाव ठेवतो तो एकेका जनावराकडे लक्षही देतो, हा अर्थ आहे. आपल्याकडे गंगी, कपिला, तांबू ही नावे उगाच पडलेली नाहीत.

ताण आलेले जनावर कसे ओळखावे?

निरोगी, निवांत गाय दिवसातले दहा-बारा तास बसून काढते आणि सात-आठ तास रवंथ करते. गोठ्यात दुपारी डोकावल्यावर बहुतेक जनावरे बसून डोळे अर्धे मिटून रवंथ करताना दिसली, तर गोठा सुखी आहे असे समजावे. उलट पुढील खुणा दिसल्यास सावध व्हावे: रवंथ थांबणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, कान सतत मागे किंवा ताठ असणे, माणूस जवळ येताच मागे सरकणे, वारंवार पातळ शेण टाकणे, अकारण हंबरणे, दावणीचे लाकूड किंवा साखळी चघळत राहणे, जीभ फिरवत राहणे.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लाथ मारणारे जनावर आधी दुखणाईत समजावे, मग हट्टी. सडाला चीर, दगडीची सुरुवात, खुरातली जखम, गोचिडांचा चट्टा, मानेवरचा फोड ही कारणे तपासल्याशिवाय स्वभावावर खापर फोडू नये.

दीर्घकाळच्या ताणाने शरीरात कॉर्टिसोल वाढते आणि रोगाशी लढण्याची ताकद घटते. बाजारातून दाटीवाटीने टेम्पोत भरून आणलेले जनावर आठवड्याच्या आत फुफ्फुसाच्या रोगाने किंवा घटसर्पाने आजारी पडते, त्यामागे प्रवासाचा ताण हेही एक कारण असते. माजावर न येणे, वारंवार उलटणे यांतही ताणाचा वाटा असू शकतो.

गोठ्यात काय करावे?

१) धारेची वेळ, जागा आणि शक्यतो माणूस बदलू नका. बदलायचाच असेल तर नव्या माणसाने आधी आठवडाभर चारा-पाणी द्यावे, मग कासेला हात लावावा.

२) पहिलारू कालवडीच्या कासेवरून व्यायच्या आधी महिनाभर रोज हात फिरवा. व्याल्यावर प्रथमच हात लावला तर ती घाबरणारच.

३) जनावराच्या थेट मागून जाऊ नका. गाईला डोळ्यांच्या रचनेमुळे जवळजवळ चहूकडचे दिसते, पण बरोबर मागचे दिसत नाही. आवाज देत, खांद्याच्या बाजूने जा.

४) मानेखाली पोळीला खाजवा. गाई एकमेकींना तिथेच चाटतात आणि त्याने त्यांच्या हृदयाचे ठोके संथ होतात.

५) वासराला व्याल्यानंतर पहिल्या तास-दोन तासांत चीक पाजा. आईपासून वेगळे ठेवायचे असेल तर एकटे न ठेवता दुसऱ्या वासराबरोबर ठेवा. जोडीने वाढलेली वासरे लवकर खायला शिकतात आणि कमी भितात.

६) वासरू दगावले तर पेंढा भरलेले कातडे पुढे करण्याची पद्धत आहे. त्यापेक्षा धारेच्या वेळीच आंबोण द्यावे, कास कोमट पाण्याने मिनिटभर धुऊन चोळावी. चार-सहा दिवस कमी दूध मिळेल. धीर धरा.

७) शिंगाचे कोंब जाळायचे असतील तर जागा बधिर करण्याचे इंजेक्शन मागून घ्या. ते दुखणे वासरू विसरत नाही.

८) दिवसातून काही तास जनावराला मोकळे सोडा. जागा नसेल तर निदान दावे लांब ठेवा, म्हणजे त्याला मान मागे वळवून अंग चाटता येईल.

कष्टाचा बैल

बेंदराला किंवा पोळ्याला आपण बैलाची खांदेमळणी करतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी भरवतो. पण वर्षाचे इतर दिवस उरतातच. ओझ्याच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या नियमांनुसार दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ कामाला जुंपता येत नाही. खिळा लावलेल्या पराणीलाही मनाई आहे. जो बैल पराणीच्या भीतीने चालतो तो एक दिवस भीतीनेच उधळतो आणि गाडी रस्त्याकडेच्या ओढ्यात जाते. उसाच्या हंगामात अशा बैलांना टाके घालण्याची वेळ आमच्यावर येते; गाडीवानाला टाके घालण्याची वेळ शेजारच्या सरकारी दवाखान्यावर.

कुत्रा, मांजर आणि पोपट

कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आणि उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. दिवाळीचे चार दिवस त्याच्यासाठी युद्धासारखेच असतात. संध्याकाळ होण्याआधी त्याला फिरवून, खाऊ घालून आणावे. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, रेडिओ किंवा पंखा सुरू ठेवून बसू द्यावे. पलंगाखाली दडला तर ओढून काढू नये. जवळ बसून शांतपणे बोलल्याने तो ‘लाडावत’ नाही, सावरतो. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी दिवाळीच्या आधीच पशुवैद्यकाला विचारावे. माणसाच्या झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. आणि पॅरासिटामॉल तर मांजराला कधीच नाही. एका गोळीनेही ते दगावू शकते.

पिंजऱ्यातला पोपट पिसे उपटू लागला, एकाच जागी डोके हलवत राहिला, तर ती बहुधा एकटेपणाची खूण असते. आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे तो पाळणे गुन्हा आहे. बाळगलेला असल्यास वनखात्याशी बोलावे. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पोपट एकदम सोडून देऊ नये. त्याला उडता येत नाही आणि अन्नही शोधता येत नाही.

रानातले जीव

वन्य प्राण्याच्या बाबतीत आपली माया आणि आपली गर्दी दोन्ही त्याला घातक ठरतात. हरणाला पकडून बांधले, भोवती माणसे जमली, तर ते जखम नसतानाही काही तासांत किंवा दिवसांत मरू शकते. भीतीने आणि धडपडीने त्याचे स्नायूच निकामी होतात. विहिरीत बिबट्या पडला तर सर्वांत मोठी मदत म्हणजे काठावरून दूर होणे आणि वनखात्याला कळवणे. ऊसतोडीत बछडी सापडली तर ती ‘आईने टाकलेली’ नसतात. आई जवळच असते. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारण केंद्रातील पशुवैद्यक आणि वनकर्मचारी अशी अनेक बछडी रात्री त्याच शेतात ठेवून आईच्या हवाली करत आले आहेत. आई परतून पिल्लू घेऊन जाते. ती न मिळाली तर चवताळलेली मादी त्या शिवारात फिरत राहते आणि धोका माणसालाच असतो.

पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडला की प्रश्न सुटतो असे वाटते. परंतु २००१ नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात असे बिबटे आणून सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले, असे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्याच्या ताणातून गेलेला प्राणी कसा वागेल हे सांगता येत नाही. ज्या घरातले मूल बिबट्याने नेले त्यांना मी बिबट्याच्या मनाचा विचार करा असे कोणत्या तोंडाने सांगू? पण उपाय योजणाऱ्यांनी मात्र तो केलाच पाहिजे, म्हणजे दुसऱ्या घरावर तीच वेळ येणार नाही.

एक सावधगिरी

जनावराचे वागणे अचानक बदलले, तर ते ‘मनाचे’ समजून थांबू नका. घोगरे हंबरणे, लाळ गळणे, पाणी गिळता न येणे, उगाच अंगावर येणे, मागचे पाय लुळे पडणे ही रेबीजची लक्षणे असू शकतात. घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. जनावर वेगळे बांधून डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. कुत्रा चावला किंवा अशा जनावराची लाळ जखमेवर पडली, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, मिरची लावू नका.

या आठवड्यात वाचकांनी एवढेच करून पाहावे. संध्याकाळच्या धारेआधी पाच मिनिटे गोठ्यात रिकाम्या हाताने जाऊन उभे राहावे. आपण जवळ गेल्यावर जनावर पुढे येते की मागे सरकते, ते बघावे. मागे सरकत असेल तर उपचार तिथूनच सुरू करावा. त्याला खर्च काही नाही.